पीपीसीत (उत्पादन नियोजन आणि नियंत्रण विभागात) नवीन आहे, मागणीचा अंदाज आणि शेड्युलिंग कुठून शिकू?

मेकॅनिकल डिप्लोमा करून तुम्ही दुचाकीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पीपीसीला लागलात आणि महागडा कोर्स लावावा का, असं विचारताय. माझं मत, आत्ता नको. एक्सेल आणि एक वही पुरे.

आधी एकच तक्ता ठेवा: महिन्याच्या सुरुवातीला आपण किती धरले, ग्राहकाने किती मागितले, फरक किती. 'मागितले' म्हणतोय, 'पाठवले' नव्हे. प्रेस शॉपला (पत्रा दाबून भाग बनवतात त्या विभागात) असताना मी डिस्पॅचच्या आकड्यांवरून अंदाज काढायचो. एका ब्रॅकेटचा आकडा दोन महिने पडलेला दिसला, म्हणून पुढचा प्लॅन कमी धरला. नंतर लक्षात आलं, त्या काळात आमचीच डाय, म्हणजे त्या भागाचा साचा, दुरुस्तीला गेली होती. मागणी होती तेवढीच होती! पुढचे पंधरा दिवस रात्रपाळ्या लावून निस्तरलं.

सूत्र साधं घ्या. जुन्या अंदाजात फरकाचा पाचवा हिस्सा मिळवायचा. 1000 धरले आणि 1200 मागितले, तर पुढचा अंदाज 1040. यालाच एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग म्हणतात. फरक सतत एकाच बाजूला येत असेल तर सूत्र मागे पडतंय किंवा सेल्सवाले आकडा फुगवून देतायत. आमच्याकडे बहुतेक वेळा दुसरंच असायचं.

मागच्या वर्षांतल्या त्याच महिन्याशी तुलना मात्र जपून करा. दसरा 2023 मध्ये 24 ऑक्टोबरला होता, 2025 मध्ये 2 ऑक्टोबरला. म्हणजे सणाचा माल जवळपास तीन आठवडे आधी लागला, त्यात दसऱ्याच्या आधी पितृपक्ष. 2025 मध्ये तर भर म्हणून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 22 सप्टेंबरपासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला. जुन्या आकड्यांतून असलं काही निघत नाही. त्यासाठी ग्राहकाच्या परचेसवाल्याला दर आठवड्याला फोन लागतो.

शेड्युलिंगचं, म्हणजे कोणतं काम आधी लावायचं याचं, गणित हाताने करून बघा. एका प्रेसवर 8, 5 आणि 2 तासांची तीन कामं आहेत. मोठं आधी घेतलं तर ती 8, 13 आणि 15 तासांनी संपतात, सरासरी 12. छोटं आधी घेतलं तर 2, 7 आणि 15, सरासरी 8. प्रेस तीच, माणसंही तीच. पण ग्राहकाची उत्पादन लाइन थांबायची वेळ आली असेल तर सरासरी चुलीत घाला आणि तारीख ज्याची आधी त्याचं काम आधी लावा. ज्या कामाला सर्वांत जास्त उशीर होतो, तो उशीर त्यानेच कमीत कमी राहतो. हे गणित नीट समजून घ्यायचं असेल तर एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन व्याख्यानांचा उपक्रम) आयआयटी मद्रासच्या प्रा. जी. श्रीनिवासन यांची ऑपरेशन्स अँड सप्लाय चेन मॅनेजमेंटची व्याख्यानं फुकट आहेत. इंग्रजीत आहेत, पण गणित सोडवत शिकवतात, त्यामुळे अडत नाही.

हे सगळं बसवण्याआधी सेटिंगचा, म्हणजे डाय बदलून मशीन पुन्हा तयार करायचा, वेळ स्वतः घड्याळ लावून मोजा. आमच्या शीटवर डाय चेंजला 30 मिनिटं लिहिलेली होती. मी उभा राहून मोजली, तर क्रेनची वाट बघणं आणि पहिला पीस क्वालिटीकडून पास होणं धरून सव्वा तास भरला. अशा दिवसाला चार डाय बदलायच्या म्हटल्यावर तीन तास कागदावरच गायब होते, आणि प्लॅन रोज का कोसळतो म्हणून आम्ही ऑपरेटरला झापत होतो.