बार्लीला दुसरं गिऱ्हाईक मिळतं, वाइनला नाही

प्रश्न : सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमची रोज खडाजंगी चालते. एक गट म्हणतो, चीनशी वाकडं घेतलं की धंदा बुडालाच. दुसरा म्हणतो, ऑस्ट्रेलियाने चीनला नमवलं. 2020 नंतर तिथे नेमकं काय झालं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : भोसरीतल्या एका फाउंड्रीत माझी उभी नोकरी परचेसमध्ये गेली. त्यामुळे भांडण कुणाचंही असो, मी आधी विचारतो : माल कोणता?

एप्रिल 2020 मध्ये ऑस्ट्रेलियाने कोरोनाच्या उगमाची स्वतंत्र चौकशी मागितली. मे महिन्यात चीनने त्यांच्या बार्लीवर 80.5 टक्के शुल्क ठोकलं. कागदावर कारण डंपिंगचं, म्हणजे परक्या बाजारात पडत्या भावाने माल ओतल्याचं! मग बीफ, लाकूड, लॉब्स्टर, कोळसा असं एकेक अडत गेलं. वाइनवर तर 200 टक्क्यांच्याही वर शुल्क बसलं. लोहखनिजाला मात्र बोट लावलं नाही. जगातलं निम्म्याहून जास्त पोलाद चीन बनवतो आणि त्याचं आयात खनिज मुख्यतः ऑस्ट्रेलियाच्या पिलबारातून येतं. ते अडवलं असतं तर चीनच्याच भट्ट्या थंडावल्या असत्या. उलट मे 2021 मध्ये खनिजाचा भाव टनाला 200 डॉलरच्या वर गेला आणि बिल भरलं चीननेच.

कोळशाचं गणित आमच्या लाइनीतलं. हार्ड कोकची, म्हणजे भट्टीसाठी कोळसा भाजून केलेल्या इंधनाची गाडी गेटवर आली की आम्ही राख, गंधक आणि ओलावा बघायचो. रिपोर्ट जुळला की कोळसा कुठल्या खाणीचा, याचं भट्टीला सोयरसुतक नसतं. चीन दुसऱ्यांकडून घेऊ लागला, तशी त्या दुसऱ्यांची जुनी गिऱ्हाइकं ऑस्ट्रेलियाकडे वळली. त्यात आपणही होतो. बार्लीही अशीच सौदी अरेबियाकडे गेली.

या फिरवाफिरवीत मधल्यामध्ये माणसं अडकली, ती आपली. ऑस्ट्रेलियन कोळसा भरलेलं ‘जग आनंद’ जहाज जून 2020 पासून चीनच्या जिंगतांग बंदराबाहेर उभं होतं, वर 23 भारतीय खलाशी. माल उतरवू देईनात, माणसंही बदलू देईनात. जानेवारी 2021 मध्ये ते जपानला गेलं, तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली. तुमच्या ग्रुपवर हे कुणी काढलं का?

खरी मार बसली वाइनवाल्यांना. चीनइतका भाव देऊन त्यांची रेड वाइन उचलणारं दुसरं गिऱ्हाईक रातोरात कुठून आणायचं? टाक्या भरून पडल्या.

2022 मध्ये ऑस्ट्रेलियातलं सरकार बदललं, बोलण्यातला खार कमी झाला. बार्लीवरचं शुल्क ऑगस्ट 2023 मध्ये उठलं, वाइनवरचं मार्च 2024 मध्ये, लॉब्स्टरची बंदी त्या वर्षाअखेरीस. त्याआधी, 2020 मध्येच, चीनच्या वकिलातीने तिथल्या पत्रकारांच्या हाती 14 तक्रारींची यादी दिली होती. ती काही ऑस्ट्रेलियाने मान्य केली नाही. उलट 2021 मध्ये अमेरिका-ब्रिटनबरोबर पाणबुड्यांचा ऑकस करार केला. म्हणजे चीनचा दबाव फुकट गेला, हे दुसऱ्या गटाचं म्हणणं बऱ्यापैकी खरं. पण ‘नमवलं’ म्हणणं जास्तीचं होतं. आजही ऑस्ट्रेलियाच्या निर्यात मालाचा साधारण तिसरा हिस्सा चीनलाच जातो.