पांदण (शेतात जायचा रस्ता) अडवल्याच्या अर्जात ‘निष्पक्ष’, ‘तटस्थ’ की ‘निःपक्षपाती’ चौकशी लिहावं? आणि बोलताना लोक काय म्हणतात?

‘निःपक्षपाती’ लिहा. ‘निष्पक्ष’नेही बिघडत नाही, अर्थ तोच, आणि हिंदी बातम्यांमुळे आपल्या विदर्भात तो जास्त कानावर पडतो. ‘तटस्थ’ मात्र लिहू नका.

तटस्थ म्हणजे काठावर उभा राहिलेला. आमच्या यवतमाळकडे धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण लागलं की असा एक शेजारी हमखास निघतो. त्याच्या डोळ्यांदेखत धुरा कोरला गेलेला असतो, पण विचारायला गेलं की म्हणतो, “मले काई माहीत नाई भाऊ, म्या कोनाच्याच मंधात नाई.” हा माणूस तटस्थ आहे, आणि त्याचा फायदा धुरा कोरणाऱ्याला होतो. निःपक्षपाती माणसाला दोघांचं ऐकून, जागा बघून, एकाच्या तोंडावर ‘तुझं चुकलं’ म्हणावं लागतं. वहिवाटीचा रस्ता अडवल्याच्या तक्रारी तहसीलदार मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली ऐकतात. तिथे रस्ता मोकळा करायचा की नाही, हा निकाल द्यावाच लागतो. साहेब तटस्थ राहिले तर तुमची बैलगाडी कुठून जाणार?

बोलण्यात मात्र यातला एकही शब्द सहसा येत नाही. कौतुक करायचं तर ‘सरळ माणूस आहे, कोणाची भीडभाड ठेवत नाही’, बस एवढंच. उलट बाजूला शब्दांची रास पडलेली: डावं-उजवं करणं, झुकतं माप, दुजाभाव, आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं. सगळ्यांत नेमका मला ‘पंक्तिप्रपंच’ वाटतो. भंडाऱ्याच्या पंगतीत बघा. वांग्याच्या भाजीची बादली घेऊन वाढणारा येतो. अनोळखी माणसापुढे त्याचा डाव वरच्या वर फिरतो, तर्री आणि एखादी फोड. साळ्यापाशी पोचला की तोच डाव बादलीच्या तळाला जातो. दोघांनाही एकेकच डाव! मोजायला गेलात तर तक्रारीला जागाच नाही.

मंत्र्यांच्या शपथेतलं एक वाक्य आपण टीव्हीवर ऐकतो आणि सोडून देतो: ‘कोणाच्याही विषयी ममत्वभाव किंवा आकस न बाळगता’. ज्याने मराठीत ही जोडी बसवली त्याला माझा नमस्कार. पक्षपात म्हटलं की आपल्याला फक्त ममत्व दिसतं: भाचा, जावई, जातीचा माणूस. खेड्यात आकसही तेवढाच नडतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत विरोधात फिरलेल्याचा घरकुलाचा प्रस्ताव ‘कागद अपुरे’ म्हणून परत येत राहतो. यात कोणाला जास्तीचं काही मिळालेलं नसतं, फक्त एकाचं अडवलेलं असतं. तुमची पांदण जुन्या वैरातून अडवली असेल तर तिथे ‘पक्षपात’ शब्द बसतच नाही, सरळ ‘आकसापोटी’ लिहा.

कोणी ‘समन्यायी’ सुचवलं तर तो शब्द वाटपाचा आहे. सगळ्यांना सारखं ते समान, ज्याच्या त्याच्या हक्काप्रमाणे ते समन्यायी. राज्यघटनेच्या कलम 371(2) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राला विकासाच्या पैशाचं वाटप याच तत्त्वावर व्हावं असं आहे. 1984 मध्ये दांडेकर समितीने अनुशेष मोजला तो विभागांच्या विकासातल्या तफावतीचा. ‘विदर्भाला सावत्र वागणूक’ हे भाषणांतलं वाक्य तिथलंच. पांदणीच्या अर्जाला एवढं लागत नाही.

अर्जात शेवटी इतकंच घाला: ‘दोन्ही पक्षांच्या समक्ष स्थळपाहणी व पंचनामा करून निःपक्षपातीपणे निर्णय देण्यात यावा.’ यातलं ‘समक्ष’ गाळू नका. नाहीतर पंचनामा समोरच्याच्या ओसरीवर चहा घेताना लिहून होतो आणि तुम्ही पांदणीत वाट बघत उभे.