११ दिवस अनुत्तरित राहिलेला प्रश्न

'पुस्तक काढले, फेसबुकवर रोज टाकते, तरी कोणी दखल घेत नाही. माझे लेखनच कमी पडते का?' हा प्रश्न नवे लेखक मला वारंवार विचारतात. कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त शिक्षिकेचा अनुभव त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडते.

करवीर तालुक्यातील गुऱ्हाळांवर त्यांनी कथासंग्रह लिहिला होता. रात्री दोन-तीनदा उठून त्या लाइक मोजत आणि आकडा हललेला नसला की पहाटेपर्यंत त्यांचा डोळा लागत नसे. बक्षीस केव्हा मिळेल याचा नेम नसला की प्राणी तीच कृती अधिक चिवटपणे करत राहतो, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्रयोगांतून दाखवले आहे. म्हणून हा मनाचा दुबळेपणा नव्हे, हे मी बाईंना आधी सांगितले. पैसे देऊन फॉलोअर घेण्याचा त्यांच्या मुलाचा सल्ला मात्र मला घातक वाटला, कारण अशी खाती वाचत नाहीत आणि फुगलेल्या आकड्याखालची शांतता अधिकच बोचते.

मग आम्ही दोघींनी शेजारी बसून त्यांच्या पोस्ट वाचल्या. मुखपृष्ठ, किंमत, मागणीसाठी क्रमांक, पुन्हा मुखपृष्ठ. एकीखाली गडहिंग्लजच्या एका वाचकाने विचारले होते, 'तुमचा गुळव्या अगदी माझ्या वडिलांसारखा बोलतो. तो कोणत्या गावचा?' गुळव्या म्हणजे गुऱ्हाळात गूळ तयार करणारा कारागीर. या प्रश्नाला ११ दिवस उत्तर नव्हते. 'एकच तर कमेंट होती हो,' असे म्हणता म्हणता बाई गप्प झाल्या. त्यांनी उत्तर तिथेच, माझ्यासमोर लिहिले, आणि ते चांगले दोन परिच्छेद झाले.

पुढे आम्ही ठरवले की मोबाइल रात्री स्वयंपाकघरात ठेवायचा, दिवसातला अर्धा तास आधी इतरांचे लेखन मनापासून वाचून त्यावर लिहायचे, आणि आठवड्याला एकच पोस्ट, तीही पुस्तकाची जाहिरात न करता, करायची. भेंडीच्या पाण्याने काहिलीतली, म्हणजे उसाचा रस उकळायच्या मोठ्या कढईतली, मळी कशी वर येते, हे त्यांनी लिहिले, तेव्हा पाक झाला हे गुळव्या कसे ओळखतो यावर कागल आणि पन्हाळ्याकडच्या वाचकांत दोन दिवस चर्चा रंगली, आणि बाईंनी प्रत्येकाला नावानिशी उत्तर दिले.

लाइक फारशा वाढलेल्या नाहीत. आठवड्यातून एखाद्या रात्री त्या अजूनही उठून स्वयंपाकघरात जातात. त्यावर आमचे काम चालू आहे.