बेरोजगारीचा सार्वजनिक आरोग्यावर काय परिणाम होतो?

पगार थांबला की पहिली कात्री दूध-फळांना लागते, मग बीपीच्या गोळ्या एक दिवसाआड होतात. आमच्या सोलापुरात यंत्रमाग बंद पडले की पूर्व भागात हे दिसतं. 21,000 रुपयांपर्यंत पगाराच्या नोंदणीकृत कामगाराला ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचे, उपचार मिळतात. पण काम गेलं, वर्गणी थांबली की काही महिन्यांत तेही संपतात. ऐन गरजेला आधार सुटतो, हे मला फार अन्यायाचं वाटतं. बाई जास्त विड्या वळायला बसते, तंबाखूची धूळ लेकरांच्याही नाकात.

आणि मन? 1930 च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल गावातली गिरणी बंद पडली. वेळच वेळ असूनही लोकांनी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी केलं, असं अभ्यासकांना आढळलं. उमेदच खचली होती. घरातलं कोणी असं गप्प झालं असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मोफत बोलता येतं.