दर महिन्याला बुधवारी शाखांची लाईन बसते? आधी डाउनलोड मोड बघा

मुख्य ऑफिस सांगलीत, शाखा विटा-तासगाव-जतला, आणि दर महिन्याला एका बुधवारी सगळीकडचं काम रखडतं, असं तुम्ही लिहिलंय. आमचीही हीच रड होती. मायक्रोसॉफ्टचे विंडोज अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, तेव्हा आपल्याकडे रात्र असते. बुधवारी मशिनं चालू झाली की ओढाताण सुरू.

अपडेट बंद करा असं वर काहींनी सुचवलंय. तसलं काही करू नका. डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनही (मशिनं अपडेटच्या फाइली एकमेकांकडून घेतात ती विंडोजची सोय) राहू द्या, नाहीतर प्रत्येक मशीन तीच फाइल नेटवरून वेगवेगळी उतरवेल.

फाइल कुणाकडून घ्यायची हे त्यातला डाउनलोड मोड ठरवतो, आणि गोम मोड १ मध्ये आहे. म्हणायला तो लॅनचा (ऑफिसातल्या आतल्या नेटवर्कचा), पण शेजारी कोण हे पब्लिक आयपीवरून (बाहेर नेटवर दिसणाऱ्या पत्त्यावरून) ठरवतो. राउटर-टू-राउटर व्हीपीएन (ऑफिसं आपसात जोडणारी खासगी लाईन) असून शाखांचं नेट सांगलीतूनच बाहेर पडत असेल, तर जतचा पीसी आणि सांगलीचा पीसी त्याच्या लेखी एकाच नेटवर्कवर. मग जतचं मशीन विट्याकडे फाइल मागतं, तीही त्याच बारक्या लाईनवरून.

आमची देखभाल ज्या एजन्सीकडे होती, तिचं दर वेळी एकच उत्तर: लाईन वाढवा. वाढवली. बुधवार तसाच! मग त्यांच्या माणसानं फायरवॉलमध्ये ७६८० पोर्टच (ज्यावरून मशिनं एकमेकांना फाइल देतात तो) बंद केला आणि तक्रार मिटवली. आता शेजारच्या टेबलावरची मशिनंही एकमेकांना फाइल देईनात, सगळा भार पुन्हा सांगलीच्या लाईनवर. मोड कोणता आहे, हे एकदाही कुणी उघडून बघितलं नाही. बिल मात्र वेळेवर यायचं, राव.

माझं मत: मोड २ (ग्रुपचा) लावा आणि प्रत्येक शाखेला वेगळा ग्रुप आयडी द्या, म्हणजे एकाच आयडीची मशिनंच एकमेकांना फाइल देतील. ग्रुप पॉलिसीत (सगळ्या मशिनांना एकदम सेटिंग लावायची विंडोजची सोय) ग्रुप आयडीचा सोर्स डीएचसीपी (मशिनांना आयपी पत्ते वाटणारी सेवा) ठेवला, तर शाखेच्या डीएचसीपीत ऑप्शन २३४ मधून तो देता येतो. एडी साइट्स (ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोमेनमध्ये नोंदवलेली ठिकाणं) शाखावार नीट मांडलेल्या असतील तर तेवढीही खटपट नको. ७६८० शाखेच्या आत उघडा. नंतर पॉवरशेलमध्ये 'गेट-डिलिव्हरीऑप्टिमायझेशनस्टेटस' (Get-DeliveryOptimizationStatus) चालवा, पीअरकडून म्हणजे इतर मशिनांकडून किती आलं ते दिसेल.

आणि हो, ४ जीबीपेक्षा कमी रॅमची जुनी मशिनं आणि बॅटरीवरचे लॅपटॉप मूळ सेटिंगमध्ये इतरांना फाइल देत नाहीत. शाखेत एक बरा डेस्कटॉप सकाळी लवकर चालू ठेवा. हे सगळं विंडोज प्रो आणि डोमेनपुरतं बोलतोय. होम एडिशनमध्ये ग्रुप पॉलिसी एडिटरच नसतो.