फिटिंग अडलं? आधी डेटा बघ

आर या संख्याशास्त्राच्या भाषेत डेटावर वितरण बसवणारं 'फिटडिस्ट' हे फंक्शन चालवलं आणि 'एरर कोड १००' आला, की नवखा माणूस पॅकेज पुन्हा इन्स्टॉल करत बसतो. मीही बसलो होतो. तो आकडा फक्त आतलं ऑप्टिमायझेशन (सगळ्यात जुळणाऱ्या पॅरामीटरचा शोध) कोलमडलं एवढंच सांगतो, का ते सांगत नाही.

आधी समरी काढ. रिकाम्या नोंदी आहेत? किमान मूल्य शून्य किंवा उणे? लॉगनॉर्मल वितरणाला एकही शून्य खपत नाही, बीटा वितरणाला सगळं ० आणि १ च्या मध्येच हवं. आणि शून्यांच्या जागी ०.०००१ घालायचा आगाऊपणा करू नकोस! त्याचा लॉग होतो -९.२१, आणि अशी चार-पाच मूल्यं अख्खं फिटिंग ओढून नेतात. शून्यांचं प्रमाण वेगळं मोज, उरलेल्यांवर वितरण बसव.

आकडे लाखांत असतील तर १००० ने भाग. गॅमा वितरणाच्या दोन पॅरामीटरपैकी शेप तोच राहतो, रेट मात्र हजारपट येतो. शेवटी तो १००० ने भागायला विसरू नकोस. (मी विसरलोय.)

तरीही अडलं तर पॅरामीटरच्या सुरुवातीच्या किमती स्वतः दे. गॅमासाठी, सरासरी ४०, व्हेरियन्स (विचरण) २०० असेल तर शेप म्हणजे १६०० भागिले २००, ८. रेट ४० भागिले २००, ०.२. 'एनएएन' (उत्तर आकडाच नाही) च्या वॉर्निंग येत असतील तर शोध बहुधा उणे पॅरामीटरकडे भरकटतोय, फंक्शनच्या 'लोअर' या आर्ग्युमेंटला शून्याच्या जरा वरची मर्यादा घाल.

एवढ्यानंतरही नाहीच बसलं तर हिस्टोग्राम काढ. दोन उंचवटे दिसले तर वितरणाची निवडच चुकली आहे.