नदीवरची आलिशान क्रूझ की लहान जहाजाची समुद्रसफर? आधी विचारा, जहाज रात्री कुठे असते

आपल्या आई-वडिलांच्या लग्नाला पुढील वर्षी ४० वर्षे पूर्ण होतात, दोघेही मूळचे मालवणचे आहेत, वडिलांना समुद्राची ओढ आहे, आईंना बोट लागते आणि त्यांचे गुडघेही दुखतात. अशा दोघांना युरोपातील नदीवरच्या आलिशान क्रूझवर पाठवावे की लहान जहाजाच्या समुद्रसफरीवर, असे आपण विचारले आहे. मी हर्णैची. माझे यजमान ३१ वर्षे व्यापारी जहाजांवर इंजिनियर होते. त्यांच्या निवृत्तीनंतर आम्ही २०१८ साली न्युरेम्बर्ग ते बुडापेस्ट अशी डॅन्यूबवरची क्रूझ केली आणि पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये साधारण २०० प्रवाशांच्या जहाजाने व्हेनिसहून अथेन्सच्या पिरेयस बंदरापर्यंत गेलो. या दोन सफरींच्या आधारावर मी लिहीत आहे.

गाद्या, जेवण आणि सेवा यांची तुलना मी करणार नाही, कारण या दराच्या जहाजांवर ते सारे दोन्हीकडे उत्तमच असते. मला विचाराल तर कोणतीही क्रूझ ठरवण्यापूर्वी कंपनीला पहिला प्रश्न हा विचारावा, की हे जहाज रात्री कुठे असणार आहे? आपल्या आईंना झोप लागणार की नाही आणि वडिलांना पहाटे डेकवर उभे राहून काय दिसणार, हे दोन्ही त्याच्या उत्तरावर ठरते.

हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मुंबईला जायचे तर हर्णैला पडावातून, म्हणजे होडीतून, समुद्रात उभ्या असलेल्या बोटीपर्यंत जावे लागे आणि मग रात्रभर भाऊच्या धक्क्यापर्यंत पोटातले ढवळणे सोसावे लागे. चिपळूणच्या मावशीकडे जायचे तर दाभोळहून खाडीतून गोवळकोटला जाणारी लाँच असे. त्या लाँचमध्ये आई भाकरी सोडून आम्हांला वाढत असे, आणि बोटीवर तीच आई डोळे मिटून, पदर नाकाला लावून पडून राही. माणूस तोच आणि पाणी वेगळे. नदीवरची क्रूझ ही खाडीतली लाँच आहे आणि लहान जहाजाची सफर ही ती रात्रीची बोट आहे. दोन्ही कितीतरी पटींनी सजल्या आहेत, एवढाच फरक.

लांबीवर जाऊ नये. ऱ्हाईन आणि डॅन्यूब नद्यांवर चालणारी मोठी क्रूझ जहाजे १३५ मीटर लांब असतात, आणि सुमारे २०० प्रवाशांची अनेक समुद्री जहाजेही १३० मीटरांच्या आसपासच असतात. फरक रुंदीत आणि पाण्याखालच्या भागात आहे. नदीवरच्या जहाजाची रुंदी जेमतेम ११.४ मीटर असते, कारण त्याला १२ मीटर रुंदीच्या लॉकमधून, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून जहाज वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या हौदातून, जायचे असते, आणि नदीचा तळ जवळ असल्याने ते पाण्यात दीड-पावणेदोन मीटरच बुडते. पूल ठेंगणे असल्यामुळे त्याची सुकाणूची खोलीसुद्धा खाली घेता येते, आणि त्या वेळी वरचा डेक प्रवाशांसाठी बंद ठेवतात. हे जहाज डुलत नाही. आमच्या ८ दिवसांत टेबलावरचा पाण्याचा पेला कधी हिंदकळला नाही.

लॉकची एक रात्र मात्र मी विसरणार नाही. न्युरेम्बर्ग सोडल्यावर जहाज डॅन्यूबकडे जाणाऱ्या कालव्यातूनच पुढे जाते. हा कालवा १७१ किलोमीटर लांबीचा असून १९९२ मध्ये पूर्ण झाला आणि समुद्रसपाटीपासून ४०६ मीटर उंचीच्या माथ्यावरून तो जातो. एवढे चढायचे म्हणजे जहाजाला दरवाजे लावलेल्या हौदात घ्यायचे आणि पाणी भरून वर उचलायचे. यांतील तीन हौद तर एकेका वेळी जवळजवळ २५ मीटर उचलतात. रात्री जाग आली म्हणून मी खोलीच्या फ्रेंच बाल्कनीचे (म्हणजे दारालाच कठडा, बाहेर सज्जा नाही) काचेचे दार सरकवले, तो समोर हातभरावर काळी, ओली भिंत. शेवाळाचा आणि गार दगडाचा वास येत होता, आमच्या परसातल्या विहिरीत डोकावल्यावर येतो अगदी तसा, आणि वरून थेंब पडत होते. मग ती भिंत हळूहळू खाली जाऊ लागली, आकाश रुंदावले, आणि काठावर सायकल धरून उभा असलेला एक माणूस माझ्याच उंचीवर आला. मी यजमानांना उठवले. आयुष्य इंजिनरूममध्ये काढलेला तो माणूस पुढचा तासभर त्या दारात उभा होता.

आपल्या वडिलांसारख्या माणसाला नदीवर आणखी एक गोष्ट आवडेल. डॅन्यूबचे किलोमीटर मुखापासून उलटे मोजतात, म्हणजे काळ्या समुद्रावरच्या सुलिनापासून. त्यामुळे व्हिएन्नाजवळ १९२९ च्या आसपासचा आकडा दिसतो आणि बुडापेस्टला तो १६४७ होतो. काठावरच्या पाट्या वाचत यजमान रोज समुद्र किती जवळ आला ते सांगत असत.

आता नदीचे दोष सांगते, कारण विकणारे ते सांगत नाहीत. नदीचे पाणी कुणाच्या हातात नसते. आमच्या वर्षी उन्हाळ्यात पाणी इतके उतरले होते, की बव्हेरियात श्ट्राउबिंग आणि फिल्सहोफेन यांच्यामधील बांध नसलेल्या पट्ट्यातून आमचे जहाज जाऊ शकले नाही. रेगेन्सबुर्गला सामान बांधून आम्हांला बसने पासाउला नेले आणि पलीकडून आलेल्या तशाच दुसऱ्या जहाजावर चढवले. खोलीचा क्रमांकसुद्धा तोच मिळाला, परंतु ज्या दिवसासाठी आम्ही पैसे भरले होते तो दिवस बसच्या खिडकीतून गेला, आणि याची शक्यता आहे हे आरक्षणाच्या वेळी कोणी चकार शब्दाने सांगितले नव्हते. ऱ्हाईनवर काउब येथे पाण्याची पातळी मोजतात; तिथला आकडा २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये २५ सेंटिमीटरपर्यंत खाली गेला होता. उलट पाणी वाढले तर जहाज पुलाखालून जात नाही. पासाउच्या नगरभवनाच्या भिंतीवर पुराच्या खुणा आहेत. २०१३ च्या जूनमध्ये तिथे १२.८९ मीटर पाणी चढले होते, १५०१ नंतरचे सर्वांत जास्त. २००५ आणि २०२१ चा जुलै पाहिलेल्या चिपळूणकरांना नदीचा हा स्वभाव समजावून सांगावा लागत नाही. म्हणून त्या नदीवर एकाच बनावटीची दोन-चार जहाजे चालवणारी कंपनी निवडावी, म्हणजे अडचण आली तर निदान जहाज बदलून देता येते. गर्दीच्या दिवसांत धक्क्यावर जहाजे एकमेकांना खेटून बांधतात, त्यामुळे भारी बाल्कनी घेऊनही सकाळी पडदा सारला की समोर दुसऱ्याचा पडदा दिसतो, हेही मनाशी धरून असावे. आणखी एक म्हणजे बरीचशी वाटचाल रात्री होते, तेव्हा ऑस्ट्रियातला मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊ खोऱ्याचा ३६ किलोमीटरांचा पट्टा दिवसाउजेडी पार होणार आहे ना, हे कार्यक्रमपत्रिकेत पाहूनच पैसे भरावेत.

समुद्रावरच्या लहान जहाजाची गोष्ट निराळी आहे, आणि खरे सांगायचे तर माझे स्वतःचे मन तिकडेच आहे. मॉन्टेनेग्रोमधल्या कोटोरच्या आखातात आम्ही पहाटे शिरलो तेव्हा दोन्ही बाजूंचे डोंगर इतके जवळ होते की काठावरचा कोंबडा आरवलेला ऐकू आला. ग्रीसमधला कोरिंथचा कालवा ६.४ किलोमीटर लांब आणि तळाशी जेमतेम २१ मीटर रुंद आहे. तिथे हजारो प्रवाशांचे अजस्र जहाज शिरूच शकत नाही. व्हेनिसनेही १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांहून मोठ्या किंवा १८० मीटरांहून लांब जहाजांना आपल्या जुन्या शहरासमोरून जायला बंदी केली. अंटार्क्टिकात तर ५०० हून अधिक प्रवासी असलेल्या जहाजावरून कोणालाही किनाऱ्यावर उतरवत नाहीत, आणि एका जागी एका वेळी १०० प्रवाशांचीच मुभा असते. लहान जहाजासाठी जास्त पैसे मोजायचे ते अशा जागांसाठी. तीच मोठी बंदरे दाखवणार असतील तर मोजू नयेत.

परंतु हे जहाज रात्री उघड्या समुद्रात असते. आमच्या सफरीत कोटोरहून ग्रीसच्या कोर्फू बेटाला जातानाच्या रात्री बाजूने लाट येत होती आणि सकाळी न्याहारीला निम्मी टेबले रिकामी होती. जहाजाच्या दोन्ही अंगांना पाण्याखाली पंख असतात, ते डुलणे पुष्कळ कमी करतात. मात्र यजमानांनी मला समजावले तसे, ते पंख जहाज वेगात असताना चांगले चालतात, कारण त्यांच्यावरून पाणी वाहावे लागते. नांगर टाकून उभे असताना त्यांचा फारसा उपयोग होत नाही. बोट लागणाऱ्या माणसाने खोली खालच्या मजल्यावर आणि लांबीच्या मध्यावर घ्यावी. सर्वांत वरची आणि पुढची खोली सर्वांत महाग असते आणि सर्वांत जास्त हलते.

दुसरा प्रश्न उतरण्याचा. लहान बंदरात जहाज दूर उभे राहते आणि होडीने काठावर नेतात. क्रोएशियाच्या ह्वार बेटाला आम्ही उतरलो तेव्हा होडी दीड-दोन फूट वरखाली होत होती. खलाशाने माझा पंजा धरला नाही. कोपराखाली घट्ट धरून मलाही त्याचा हात तसाच धरायला लावला आणि होडी वर येईपर्यंत थांबवले. त्या क्षणी मला आजी आठवली. पडावातून बोटीच्या शिडीवर पाऊल टाकताना ती म्हणायची, "लाट वर आली की पाय टाक, खाली जाताना नको." साठ वर्षांनी परक्या समुद्रात मी तेच केले. माझे गुडघे तेव्हा ठीक होते. आपल्या आईंना ते जमेल का, हे आपणच ओळखता. नदीवर जहाज बहुधा गावालाच लागते आणि फळीवरून चालत उतरता येते, पण तिथेही जुन्या गावांतले रस्ते गोट्यांचे असतात, आणि जहाजाची लिफ्ट सर्वांत खालच्या मजल्यापर्यंत जातेच असे नाही. समुद्री जहाजावर बहुधा डॉक्टर असतो, नदीवर तो काठावरून बोलवावा लागतो. आईंना काही आजार असल्यास हेही विचारात घ्यावे.

आपण दोनच पर्याय विचारले आहेत, पण आपल्या घरासाठी मला तिसरा सुचतो. क्रोएशियात स्प्लिट आणि दुब्रोव्हनिक यांच्यामधील बेटांतून सुमारे ४० प्रवाशांची छोटी जहाजे आठवडाभराच्या सफरी करतात. ती दिवसा चालतात आणि रोज रात्री कुठल्या तरी बेटाच्या धक्क्याला बांधलेली असतात. वडिलांना दिवसभर खरा समुद्र मिळतो, आईंना स्थिर खोलीत झोप मिळते. तिथे लिफ्ट नसते, म्हणून खोली मुख्य डेकवरचीच मागावी. पोर्तुगालमध्ये डौरू नदीवरही रात्री वाहतूक बंद असते. तिथली जहाजे रात्री बांधून ठेवतात आणि द्राक्षमळ्यांचे सारे डोंगर दिवसा पाहायला मिळतात. सफर बेटांची असेल तर जून किंवा सप्टेंबर निवडावा. पुढे ग्रीसच्या बाजूला जायचे मनात आले तर जुलै-ऑगस्ट टाळावा, कारण तेव्हा एजियन समुद्रात उत्तरेचा मेल्तेमी वारा जोरात असतो. डॅन्यूब-ऱ्हाईनला मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत जावे. उन्हाळा सरताना पाणी उतरते.

जेवणाबद्दल थोडेच सांगते. आईवडील शाकाहारी असतील तर आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे, कारण नदीवरच्या जहाजाला बहुधा एकच भटारखाना असतो आणि वाटेत कोथिंबीरही मिळत नाही. मेतकूट आणि आलेपाक मी दोन्ही वेळा नेले होते. व्हिसा मात्र एकाहून अधिक प्रवेशांचा घ्यावा, कारण मॉन्टेनेग्रो किंवा सर्बिया वाटेत लागले की माणूस शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या, बाहेर जाऊन पुन्हा आत येतो.

निर्णय घेण्यापूर्वी मात्र एक करा. पावसाळा संपून समुद्र निवळला, की आईंना गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचने नेऊन आणा, आणि मालवणला गेलात की कर्ली खाडीत तासभर फिरवा. मांडव्याच्या तासाभरात त्या खिडकीतून बाहेर बघत गप्पा मारत असतील, तर क्रोएशियाची बेटे ठरवा. पदर नाकाला गेला, तर मन न दुखावता वडिलांना सांगा की या वेळी नदी, आणि न्युरेम्बर्गहून निघणारी घ्या, म्हणजे ते लॉक त्यांना पाहता येतील. आईंचे त्या लाँचमध्ये काय झाले ते इथेच कळवा. महिना आणि खोली निवडताना मला जे ठाऊक आहे ते सगळे सांगेन.